खर्ज ७० हर्ट्झवर अडकतो तेव्हा: टिळकवाडीतल्या एका बैठकीच्या खोलीचं प्रकरण

बेळगावात टिळकवाडीतलं जुनं दुमजली घर. भिंती जांभ्या दगडाच्या, गिलावा केलेल्या. वर स्लॅब, खाली मोझॅकची फरशी. तळमजल्यावरची बैठकीची खोली १६ फूट लांब, १२ फूट रुंद, १० फूट उंच. डाव्या भिंतीला लोखंडी चौकटीची मोठी खिडकी, उजव्या भिंतीत पुस्तकांचं उघडं कपाट, कोपऱ्यात काचेचं शोकेस. घरात ऐकणं मुख्यतः ख्यालाचं, त्यातही जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांचं. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच, तेव्हा या शौकाचं नवल नाही.

स्पीकर नवे होते: जमिनीवर उभे राहणारे, थ्री-वे, प्रत्येकी खालच्या स्वरांचे आठ इंची दोन वूफर, मागच्या बाजूला पोर्ट, म्हणजे हवा जाण्यायेण्याचं भोक. वजन ३८ किलो एकेक. ४ ओहमचे, संवेदनशीलता ८७ डेसिबल. सोबत १०० वॉटचा इंटिग्रेटेड अँप्लिफायर आणि स्ट्रीमर. यंत्रं एकमेकांना शोभणारी, निवडीत खोट नाही. तरीही महिन्याभरात मालकांची तक्रार सुरू झाली: "डग्गा नुसता घुमूलालाय, आणि गाण्यातले बोल समजेनात." दुकानदाराच्या सल्ल्याने महागडी केबल झाली, पोर्टमध्ये फोमचे बोळे झाले, शेवटी स्पीकर बदलून घेण्याची भाषा सुरू झाली. त्या टप्प्यावर हे प्रकरण हाती आलं.

तक्रारीतला एक तपशील मोलाचा निघाला. पुरुष गायकांच्या रेकॉर्डिंगला त्रास जास्त, आणि तोही सगळ्यांच्या नाही. घुमणाऱ्या आणि न घुमणाऱ्या रेकॉर्डिंगांची यादी मालकांनी स्वतःच करून ठेवली होती. पेटी घेऊन एकेकाची पट्टी तपासली, तर घुमणारी बहुतेक काळी एकची.

काळी एक म्हणजे षड्ज १३८.६ हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, ६९.३ हर्ट्झवर. आता खोलीचा हिशेब: समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाच्या लाटा उभ्या राहतात, त्यांची पहिली कंप्रता ३४३ (आवाजाचा वेग, सेकंदाला मीटरमध्ये) भागिले लांबीची दुप्पट. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर, म्हणून पहिली ३५, दुसरी ७०, तिसरी १०५ हर्ट्झ. खोलीची दुसरी लाट आणि काळी एकचा खर्ज यांच्यात जेमतेम एका हर्ट्झचं अंतर. तंबोरा थांबत नाही, त्यामुळे ही लाट मैफलभर पोसली जाते. डग्ग्याचं दुखणं वेगळ्या वाटेने तिथेच पोचतं: घिस्सा देताना त्याचा स्वर वरखाली सरकतो आणि ७० च्या जागेवरून जाताना एकदम फुगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, तबलजीने तेवढाच बोल जोरात मारला.

परदेशी मार्गदर्शिका वाचून जुळवणी केली की इथे एक मेख बसते. तिकडची बरीच घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून बांधलेली. अशी भिंत स्वतःच थोडी थरथरते आणि खालच्या स्वरांचा काही भाग गिळते. जांभ्याची जाड भिंत काही गिळत नाही. आलेलं सगळं परत पाठवते. म्हणून आपल्याकडच्या खोल्यांत खालचे स्वर अधिक टोकदार उठतात आणि जास्त वेळ रेंगाळतात. तिकडचे सेंटिमीटर जसेच्या तसे इकडे लावून भागत नाही.

मोजणी

यूमिक-१ हा यूएसबी मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढ्यावर काम झालं. मायक्रोफोन ऐकणाऱ्याच्या कानाच्या जागी, २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा स्वर, पातळी ७५ डेसिबलच्या आसपास. आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही. खालच्या भागाचा आलेख गुळगुळीत करून पाहायचा नाही. ज्या शिखरासाठी मोजतो आहोत तेच त्यात झाकलं जातं.

निकाल: ७० वर १३ डेसिबलचं शिखर, ५६ वर छोटं टेकाड, ५०० हर्ट्झला आवाज विरायला लागणारा वेळ ०.९ सेकंद. ५६ म्हणजे १० फूट उंचीची पहिली लाट. १२ फुटी रुंदीची लाट ४७ वर असते, पण ऐकणारा बरोबर मध्यावर बसला की ती जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून आलेखात ती दिसली नाही.

मायक्रोफोन नसेल तर फोनवरच्या टोन जनरेटरने ६० ते ८० हर्ट्झ एकेकाने वाजवावं, स्पीकरमधून, हळू आवाजात, आणि खोलीत चालून पाहावं. भिंतीशी कान नेला की आवाज वाढतो, दोन पावलं पुढे आलं की तोच स्वर नाहीसा होतो. एवढ्याने निदान होतं. फोनच्या मायक्रोफोनने खर्ज मोजण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, तो त्या भागात बेभरवशाचा.

पोर्टमधल्या बोळ्यांचा उपयोग का झाला नाही, तेही मोजणीत दिसलं. पोर्ट ३६ हर्ट्झला जुळवलेला. तो बंद केल्यावर मुख्य फरक ५० च्या खाली पडतो. ७० वर मिळाले जेमतेम २ डेसिबल, आणि त्या बदल्यात मृदंग-पखवाजाचा तळ गेला. बोळे काढले. केबलबद्दल एवढंच: ५ मीटरची २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर जाऊन-येऊन सुमारे ०.०७ ओहम भरते. ४ ओहमच्या स्पीकरला ते पुरेसं आहे आणि अशी वायर इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळते.

आधी माणूस हलवायचा, मग स्पीकर

बैठक पारंपरिक: मागच्या भिंतीला लागून गादी, लोड, तक्के. डोकं भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर. खोलीच्या लांबीतल्या सगळ्या लाटांचा दाब भिंतीशी सर्वांत जास्त असतो, म्हणजे बसायला याहून वाईट जागा नाही. दुसऱ्या लाटेचा शून्यबिंदू भिंतीपासून लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर, इथे १.२२ मीटरवर. अगदी तिथे बसलं तर खर्ज गायबच होईल आणि तंबोरा पोकळ वाटेल. म्हणून अलीकडे थांबायचं. डोकं ९० सेंटिमीटरवर आणलं. हिशेबाने ७० हर्ट्झ साडेसात डेसिबलने उतरायला हवा होता, प्रत्यक्षात सहाने उतरला.

बोलायला सोपं, करायला अवघड, कारण लोडाला मागे आधार लागतो. खुर्चीवर बसायला मालकांनी साफ नकार दिला, आणि तो रास्त होता. ख्याल ऐकायला मांडी घालून बसणाऱ्याला खुर्चीत कोंबून काय साधणार? मेस्त्रींनी मग २५ सेंटिमीटर उंचीचा दिवाण केला आणि त्याला मागून जाळीदार लाकडी पाठ दिली. पाठीची उंची खांद्याच्या खाली ठेवली, नाहीतर ती कानाशीच नवीन भिंत होते.

दिवाणाने दुसरं एक काम परस्पर केलं. जमिनीवरच्या गादीवर बसलेल्या माणसाचा कान ७२ सेंटिमीटरवर येतो, या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा भाग, १०० वर. सव्वातीन मीटर अंतरावर हा फरक ५ अंशांचा होतो. थ्री-वे स्पीकरमध्ये ट्वीटर आणि मिडरेंज एकमेकांवर रचलेले असतात, आणि अक्षाच्या खाली बसलं की त्यांच्या सांध्यावर दोघांचा आवाज एकमेकाला खोडतो. गायकाच्या आवाजातली धार, बोलांतले 'स', 'त', 'च' तिथेच पातळ होतात. "बोल समजेनात" यातला निम्मा भाग हा होता. स्पीकर पुढे झुकवून भागवावं म्हटलं तर ३८ सेंटिमीटर खोलीच्या पायाला ५ अंशांसाठी मागचे पाय सव्वातीन सेंटिमीटर उचलावे लागतात. एवढा लांब स्पाईक (टोकदार पाय) सहसा मिळत नाही, आणि मिळाला तरी ३८ किलोचं उंच धूड पुढे झुकवून ठेवलेल्या खोलीत नातवंडं खेळवू नयेत. दिवाणावर कान ९७ वर आला. प्रश्न मिटला.

मग स्पीकर. ते समोरच्या, म्हणजे त्यांच्या पाठीमागच्या भिंतीला जवळजवळ चिकटलेले होते: पोर्ट १२ सेंटिमीटरवर, पुढचा चेहरा ५० वर. चेहरा ९५ सेंटिमीटरवर आणला. ७० हर्ट्झ आणखी ५ डेसिबल खाली आला, म्हणजे १३ पैकी २ उरले. याची किंमत असते आणि ती आधी सांगितलेली बरी. वूफरपासून स्पीकरमागच्या भिंतीपर्यंतचं अंतर जिथे लाटेच्या लांबीचा चौथा भाग होतं, तिथे परत आलेला आवाज मूळ आवाजाला खोडतो. ९५ सेंटिमीटरला ती जागा ९० हर्ट्झ. आलेखात तिथे ५ डेसिबलचा खड्डा पडला आणि तो आजही आहे. तो खोल होऊ नये म्हणून एकच काळजी घेता येते: स्पीकरमागची भिंत, बाजूची भिंत आणि फरशी यांची वूफरपासूनची अंतरं सारखी किंवा एकमेकांच्या पटीत नसावीत. इथे दोन भिंतींची अंतरं ९५ आणि ७३ सेंटिमीटर अशी बसली.

दोन स्पीकरमधलं अंतर २.२ मीटर, ऐकणाऱ्यापासून प्रत्येकी ३.२२ मीटर. पुस्तकातला ६० अंशांचा त्रिकोण १२ फुटी रुंदीत बसवायला गेलं तर स्पीकर बाजूच्या भिंतीला खेटतात. ४० अंशांवर थांबलो. आवाजाचा मंच थोडा अरुंद होतो, पण एका गायकाच्या मैफलीला तो पुरतो.

फरशीचा ढाळ

जुन्या घरांत फरशी धुवायच्या सोयीने दाराकडे ढाळ दिलेला असतो. इथे तीन फुटांत ६ मिलिमीटर. डोळ्यांना दिसत नाही, पण दोन्ही ट्वीटर वेगवेगळ्या कोनांत पाहू लागतात आणि एक स्पीकर तीन पायांवर उभा राहतो. चौथा पाय हलका असला की ठराविक स्वरावर खुळखुळतो. स्पिरिट लेव्हल स्पीकरच्या डोक्यावर दोन्ही दिशांनी ठेवून स्पाईक फिरवले, मग चेकनट आवळले. स्पाईक थेट मोझॅकवर टेकवले तर टवके उडतात. उद्यमबागेत लेथवर आठ पितळी चकत्या करून घेतल्या: व्यास २५ मिलिमीटर, जाडी ८, मध्ये ३ मिलिमीटरची खोबण. फाउंड्री आणि मशीनशॉपच्या गावात एवढ्यासाठी परदेशी चकत्या मागवायच्या म्हणजे कमाल आहे.

अंतरं टेपने मोजली, ट्वीटरपासून कानाच्या जागेपर्यंत, दोन्ही बाजू एका सेंटिमीटरच्या आत. मग स्पीकर आत वळवले, इतके की दोघांचे अक्ष डोक्याच्या ३० सेंटिमीटर मागे छेदतील.

इथे जुनी मोनो रेकॉर्डिंगं कामाला आली. मोनोमध्ये दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज येतो, म्हणून गायक दोघांच्या बरोबर मध्ये, बोटभर जागेत उभा राहायला हवा. इथे तो एक फूट डावीकडे होता. डाव्या-उजव्या वायरी अँप्लिफायरवर अदलाबदल केल्या, गायक डावीकडेच राहिला. अदलाबदलीनंतर तो उजवीकडे गेला असता तर दोष अँप्लिफायरमध्ये किंवा त्याच्या मागे शोधावा लागला असता. जागेवरच राहिला, याचा अर्थ दोष स्पीकरच्या बाजूला किंवा खोलीत. स्पीकरची जागा बदलूनही तेच, म्हणजे खोली. डावीकडे खिडकीची काच, उजवीकडे पुस्तकं. काच परत फेकते, पुस्तकं विखरून टाकतात.

कापूस, लोकर आणि ओल

बाजूच्या भिंतीवरून पहिला परावर्तित आवाज नेमका कुठून येतो, ते आरशाने शोधतात. एकाने दिवाणावर बसायचं, दुसऱ्याने भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा. ज्या जागी ट्वीटर दिसेल ती जागा. इथे ती स्पीकरच्या ८६ सेंटिमीटर पुढे निघाली, डावीकडे नेमकी खिडकीवर. तिथे उभं करता येईल असं सुटं पॅनल केलं, उजवीकडे तसंच एक कपाटाच्या कडेला.

एकूण सहा पॅनलं, ४ फूट बाय २ फूट, १०० मिलिमीटर जाड. आत रॉकवूल (दगडी लोकर), घनमीटरला ४८ ते ६० किलो घनतेचं. बॉयलर-भट्टीच्या इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. कापताना हातमोजे आणि मास्क हवेतच, तंतू कातडीत आणि घशात जातात. आधी पातळ नॉन-वोवन कापडात गुंडाळायचं, वरून सुती हातमागाचं कापड, शहापूर-वडगावच्या विणकरपेठेतलं. कापडाची परीक्षा तोंडाने फुंकून: श्वास आरपार गेला तर आवाजही जाईल. रेक्झिन लावलं तर पॅनल वरच्या स्वरांना भिंतच होते. तीन पॅनलं दिवाणाच्या मागच्या भिंतीवर, दोन बाजूंना, एक स्पीकरच्या मध्ये समोरच्या भिंतीवर. फरशीवर जाड जमखाना, खिडकीला दुहेरी खादीचा पडदा. ०.९ सेकंदाचे ०.५ झाले आणि गायक मध्यावर आला.

जमखान्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये. इतकी पातळ वस्तू दोनेक हजार हर्ट्झच्या वरच काम करते. फरशीवरून उसळणारी तबल्याच्या चाटेची कर्कशता कमी होते, बाकी काही नाही. पॅनलंही ७० हर्ट्झला काही करत नाहीत. त्या लाटेचा चौथा भाग सव्वा मीटर आहे, एवढी जाड गादी कोण भिंतीला लावणार? म्हणून खर्जाचं काम जागेनेच करायचं असतं.

पॅनल भिंतीला चिकटवलं नाही. ५० मिलिमीटरच्या रिपा ठोकून मागे पोकळी ठेवली. पोकळीमुळे पॅनल आणखी खालच्या स्वरापर्यंत पोचतं हे एक, आणि जून ते सप्टेंबर बाहेरच्या जांभ्याच्या भिंतीला ओल येते हे दुसरं. भिंतीला टेकलेल्या कापडाला श्रावणापर्यंत बुरशी धरते. पॅनलची मागची बाजूही उघडीच ठेवावी, प्लायवूड मारू नये. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पॅनल पुढे ओढून मागे पंखा लावायचा. खानापूरकडे, जिथे पाऊस याहून कितीतरी जास्त, तिथे बाहेरच्या भिंतीवर पॅनल लावूच नये, उभी सुटी चौकट वापरावी.

खडखड आणि गुणगुण

खर्ज आवरल्यावर आधी दबलेले आवाज पुढे आले. ३० ते २०० हर्ट्झचा संथ स्वीप लावून दोघे खोलीत फिरले. ८३ वर शोकेसची सरकती काच, ११० च्या आसपास खिडकीचं तावदान, आणि मधेच एक बारीक झिणझिण, जी बराच वेळ सापडेना. ती कोनाड्यातल्या पितळी समईची होती: वरची सुटी तबकडी दांड्यावर नाचत होती. शोकेसला रबरी बीडिंग, समईला फेल्टची चकती, खिडकीचं सुकून सुटलेलं पुटीन नव्याने.

गुणगुण वेगळी. गाणं बंद असतानाही डाव्या-उजव्यातून बारीक 'हूं' येत होता. अँप्लिफायरचे इनपुट एकेक काढत गेल्यावर टीव्हीची वायर काढताच तो थांबला. टीव्ही वेगळ्या बोर्डावर, अँप्लिफायर वेगळ्या; दोन अर्थिंगांमधून फिरणारा प्रवाह टीव्हीच्या वायरीतून वाट काढत होता. टीव्ही ऑप्टिकल केबलने जोडला आणि सगळी यंत्रं एका बोर्डावर आणली. अशा वेळी तीन पिनी प्लगची अर्थ पिन कापणारे महाभाग भेटतात. गुणगुण थांबते खरी, पण यंत्रात दोष आला तर त्याच्या धातूच्या अंगात वीज उतरते. ते करायचंच नाही.

न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ९ व्होल्ट दाखवत होते. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता. जांभ्याच्या मातीतून पाणी झरझर निघून जातं आणि एप्रिलपर्यंत खड्डा वाळतो. इलेक्ट्रिशियनने जोड घासून बदलला, कोळसा-मीठ नव्याने भरलं, पाणी सोडलं, आणि २ व्होल्ट राहिले. वळिवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की प्लग भिंतीतून काढून ठेवायचा, स्विच बंद करून भागत नाही. अँप्लिफायर इन्व्हर्टरवर घ्यायचाच असेल तर इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. चौकोनी वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

उरलेलं

५६ हर्ट्झचं टेकाड जागेने हललं नाही, कारण ते छताचं. स्ट्रीमरमधल्या पॅरामेट्रिक इक्वलायझरने तिथे एकच फिल्टर लावला: वजा ४ डेसिबल, क्यू (फिल्टर किती अरुंद, त्याचा आकडा) ५. ९० चा खड्डा भरायचा मोह टाळला. ६ डेसिबल उचलायला चौपट शक्ती लागते, आणि ती भिंतीवरून परत येऊन स्वतःलाच खोडते. हाती काही लागत नाही, वूफर मात्र दमतात.

दिवाणावर तिघे बसतात, जुळवणी मधल्याची आहे. कडेच्या दोघांना गायक आपल्या बाजूच्या स्पीकरकडे सरकलेला ऐकू येतो. स्पीकर आणखी आत वळवून अक्ष डोक्याच्या पुढे छेदवले तर कडेच्यांचं थोडं सुधारतं, मधल्याचं थोडं बिघडतं. मालकांनी मधल्याचा कौल दिला.

गणपतीचं मखर दरवर्षी याच समोरच्या भिंतीशी बसतं, तेव्हा स्पीकर उचलावे लागणारच. म्हणून आठही चकत्यांभोवती नेलपॉलिशने फरशीवर गोल आखले, प्रत्येक चकतीच्या खाली आणि तिच्या गोलाशेजारी तोच आकडा लिहिला. ढाळामुळे चारी स्पाईकची उंची वेगवेगळी आहे आणि चकत्यांची अदलाबदल झाली तर लेव्हल पुन्हा करावी लागते. उचलायला माणसं दोन, स्पाईकला हात लावायचा नाही, आणि स्पीकर आडवा कधीच ठेवायचा नाही. विसर्जनानंतर जागेवर आणले की आधी मोनो रेकॉर्डिंग लावायचं: गायक मध्यावर नसेल तर टेप काढायचा.